घर कुठं बांधायचं, हे कोण ठरवणार?

संक्रांतीचं हळदीकुंकू म्हटलं की आम्हा बायकांचे विषय ठरलेले. वाण काय लुटलं, तिळगूळ कुणाचा चांगला झाला, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत. निम्मं बोलणं मराठीत आणि निम्मं कानडीत. आमची मैंदर्गी आहेच सीमेवरची. पण गेल्या काही वर्षांत या गप्पांमध्ये एक नवा विषय येऊन बसलाय, तो म्हणजे प्लॉट. 'अमक्यांनी सडकेला दोन गुंठे घेतले', 'तमक्यांच्या रानात फक्की मारली', 'आमच्या ह्यांनी टोकन दिलंय'. ज्या बाईच्या घरी प्लॉटचा कागद आलेला असतो, ती जरा ताठ बसते. नसतो ती नुसती ऐकून घेते.

एका हळदीकुंकवाला माझी एक जुनी मैत्रीण भेटली. शेजारच्या तालुक्यात दिलेली. तिनं चार वर्षांपूर्वी गावाबाहेर प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. बचत गटाचं कर्ज, अंगावरच्या पाटल्या आणि नवऱ्याच्या दहा वर्षांच्या पगारातून साठवलेले पैसे, सगळं त्यात ओतलेलं. मी कौतुकानं विचारलं, "काय गं, कसं आहे नवं घर?" तर तिचे डोळेच भरले. म्हणाली, "वैनी, घर चांगलंय हो. पण घराच्या बाहेर पाऊल टाकलं की काहीच नाही."

काहीच नाही म्हणजे काय, ते तिनं सांगितलं. नळाची पाइपलाइन तिथवर आलेली नाही. गावात पाणी सुटलं की हिनं घागरी घेऊन अर्धा तास चालत दिराच्या घरी जायचं. गटार नाही, म्हणून मोरीचं पाणी दारातच मुरतं. रस्त्यावर दिवा नाही. नववीतली मुलगी शिकवणीहून येताना अंधार पडतो, म्हणून शिकवणी बंद झाली. अंगणवाडी लांब, दवाखाना लांब, पिठाची गिरणीसुद्धा लांब. आणि पहिल्याच मोठ्या पावसात कळलं, की ज्या जागेवर फक्की मारून चौकोन आखले होते, तिथून पूर्वी ओढ्याचं पाणी जायचं. ओढा बुजवला होता, पण पावसाला ते कुठं ठाऊक? पाणी आपल्या जुन्या वाटेनं आलं आणि हिच्या स्वयंपाकघरातून गेलं.

"प्लॉट बघायला तू गेली होतीस का?" मी विचारलं.

"मला कोण नेतंय? वास्तुशांतीलाच पहिल्यांदा बघितला."

मैत्रिणींनो, तिचं हे वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. 'घर पाहावं बांधून' असं आपण म्हणतो. पण घर कुठं बांधायचं हे बघायला आणि ठरवायला बाईला कुणी नेत नाही. ज्या जागेत तिला दिवसाचे चोवीस तास काढायचे असतात, ती जागा तिला शेवटी दिसते. एका घरात हे असं, तर अख्ख्या गावाच्या बाबतीत काय असेल? उद्या गाव कुठल्या बाजूला वाढणार, नव्या वसाहती कुठं होणार, शाळेला जागा कुठं सुटणार, हे कागदावर ठरतं तेव्हा आपण कुठं असतो? चुलीपाशी!

काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या माणसांना नगररचना हा शब्द माहीत नव्हता, पण अक्कल होती. वस्तीची जमीन ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. 'काळी-पांढरी' हा शब्दच त्यातून आला. घर पांढरीत बांधायचं आणि काळीत ज्वारी, तूर पेरायची, असा साधा नियम. त्यामागं कारण होतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला की भिंतीला चीर पडलीच म्हणून समजा. खाली मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं, भराव टाकावा लागतो, आणि तो खर्च प्लॉट विकणारा सांगत नाही. शिवाय जी जमीन पोट भरते तिच्यावर घर बांधायचं म्हणजे ताटावर पाट मांडून बसण्यासारखं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या.

आज उलटं चाललंय. पांढरीत वाडे पडताहेत आणि काळीत घरं उगवताहेत. आमच्यासारख्या कुठल्याही गावात जुन्या पेठेतून एक चक्कर मारा. दर चार घरांमागं एक पडका वाडा, माळवद बसलेलं, आत एरंड आणि बाभळी वाढलेल्या. समोर नळ आहे, गटार आहे, दिवा आहे, शाळा हाकेच्या अंतरावर आहे. फक्त माणूस नाही. आणि गावाबाहेर, जिथं यातलं काहीच नाही, तिथं घरासाठी रांग.

असं का होतं? कारण त्या पडक्या वाड्याच्या उताऱ्यावर वीस नावं आहेत. एक भाऊ पुण्यात, एक सोलापुरात, एक मुंबईत. वारसनोंदी झालेल्या नाहीत. आणि बहिणी? बहिणींना तर कुणी विचारलेलंच नाही. महाराष्ट्रानं १९९४ साली कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीनं हक्क दिला. देशभरासाठी तो २००५ साली आला. पण आपल्याकडे अजून माहेरी बोलावून, साडी नेसवून हक्कसोडपत्रावर सही घेतात. एखादीनं नाही म्हटलं की माहेर तुटलं. मग वाडा तसाच पडून राहतो, ना बहिणीला, ना भावाला, ना गावाला.

माझं म्हणणं एवढंच आहे, की नवी वसाहत आखण्याआधी हे जुने, मोकळे तुकडे मोजा. प्रत्येक गावात अशी शिबिरं व्हायला हवीत, जिथं वारसनोंद होईल, वाटणी होईल, बहिणीचा वाटा तिला मिळेल, आणि ज्याला बांधायचंय त्याला ती जागा रीतसर विकत घेता येईल. रस्ता, नळ, गटार यांवर आधीच खर्च झालेला आहे. तो वापरायचा सोडून नव्यानं पाइपलाइन कुठवर ओढायची? आमच्या भागात कुरनूर धरणातून अक्कलकोट, मैंदर्गी आणि दुधनी या गावांना पाणी येतं. धरणात पाणी किती आहे यावर आमच्या उन्हाळ्याचा हिशेब असतो. गाव जेवढं पांगेल, तेवढी पाइप लांबणार, तेवढी गळती वाढणार आणि शेवटच्या घराला पाणी शेवटीच मिळणार. त्या शेवटच्या घरात घागर घेऊन वाट बघत बसणारी बाईच असते.

कुंभारीच्या बायकांनी काय शिकवलं

अक्कलकोटहून सोलापूरला जाताना वाटेत कुंभारी लागतं. तिथली घरांची रांग बघितली की एसटीतल्या नव्या माणसाला प्रश्न पडतो, हे एवढं गाव कुठून आलं? ही आहे विडी कामगार बायकांची वसाहत. सोलापुरात विडी वळणाऱ्या हजारो बायका वर्षानुवर्षं झोपडपट्टीत, एका खोलीत, भाड्यानं राहत होत्या. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं या बायकांनी स्वतःची सहकारी संस्था उभी केली. रोजच्या कमाईतून पै-पैसा बाजूला काढला, मोर्चे काढले, दिल्लीपर्यंत धडक मारली. त्यातून गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचा ताबा देण्यात आला. त्याच कुंभारीत पुढं असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे-नगर प्रकल्प आला. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याची पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या.

मला या गोष्टीचा अभिमान आहे. आपल्या जिल्ह्यातल्या, फारसं न शिकलेल्या बायकांनी हे करून दाखवलं. पण त्याच गोष्टीत दुसरा धडाही आहे. शहरात एवढी मोठी जागा परवडणार नाही, म्हणून घरं शहराबाहेर झाली. विडी वळणारी बाई घरात बसून काम करते हे खरं, पण पान-तंबाखू आणायला आणि वळलेली विडी द्यायला तिला कारखान्याच्या शाखेत जावं लागतं. धुणीभांडी करणारीला तर रोजच शहर गाठावं लागतं. म्हणजे घराबरोबर बस पाहिजे, शाळा पाहिजे, दवाखाना पाहिजे, पाणी पाहिजे. नुसत्या चार भिंती आणि वर स्लॅब म्हणजे घर नव्हे. कामापासून, पाण्यापासून, शाळेपासून ते किती लांब आहे, हेही त्या घराचंच मोजमाप आहे. चौरस फुटांइतकंच महत्त्वाचं.

दुसरा धडा किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीची जड माळवदं अंगावर पडून हजारो माणसं झोपेतच गेली. आम्ही त्या वेळी इकडं धक्क्यानं जागे होऊन अंगणात येऊन उभे होतो, ते अजून आठवतं. त्यानंतर बावन्न गावं जुनी जागा सोडून नव्या ठिकाणी बसवली गेली. घरं मजबूत मिळाली, त्यात शंका नाही. पण आखणी शहरासारखी, रुंद सरळ रस्ते आणि ओळीनं घरं. जुन्या गावात एका बोळात चार जावा, चुलत सासू, शेजारीण असायची. हाक मारली की कुणीतरी ओ द्यायचं. रान जवळ होतं. नव्या गावात शेजार बदलला, रान लांब गेलं, एवढ्या पसरलेल्या गावाला पाणी पुरवणं अवघड झालं. ही दुखणी नकाशावर दिसत नाहीत, ती राहायला गेल्यावर कळतात.

त्याच भूकंपानंतर एक चांगली गोष्टही घडली. ज्या गावांमध्ये घरांची दुरुस्ती व्हायची होती, तिथं 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. हजारावर गावांमध्ये या बायकांनी घरोघर जाऊन भूकंपात टिकेल असं बांधकाम कसं करायचं, अनुदान कसं मिळतं, हे समजून घेतलं आणि समजावून सांगितलं. गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवलं. बायकांना यातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांना हे एक उत्तर पुरे आहे.

तिकडं परदेशातसुद्धा हे उशिराच सुचलं. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात नव्वदच्या दशकात एक वसाहत फक्त महिला वास्तुरचनाकारांकडून आखून घेतली. साडेतीनशेच्या वर घरं. आखताना बाईचा दिवस कसा जातो हे आधी बघितलं. मुलं खेळतात ते अंगण घरातून दिसावं, बालवाडी वसाहतीतच असावी, मुलांची गाडी ठेवायला प्रत्येक मजल्यावर जागा असावी. यात काय मोठं शास्त्र आहे? तुम्ही-मी कुणीही हे सांगितलं असतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

कायदा आपल्याला विचारतो, आपण घरी नसतो

आता कुणी म्हणेल, हे सगळं ठरवणारे आपण कोण? तर ऐका. कायद्यानं आपल्याला हे सांगायचा हक्क दिलेला आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. त्यानुसार नगरपरिषद असलेल्या गावाचा विकास आराखडा होतो. आधी आज कुठली जमीन कशासाठी वापरली जाते याचा नकाशा होतो. मग प्रारूप आराखडा. त्यात राहण्यासाठीची जागा, शेती, बाजार, रस्ते, शाळा, मैदान, बाग, दवाखाना अशी आरक्षणं वेगवेगळ्या रंगांत दाखवलेली असतात. हा प्रारूप आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात जाहीर करून लोकांकडून हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. मुदत महिना-दोन महिन्यांची असते. ज्यांनी हरकत घेतली, त्यांना नियोजन समितीपुढं सुनावणी मिळते. आणि वीस वर्षांत एकदा आराखड्याची फेरतपासणी करायची असते.

म्हणजे एका आराखड्यात आपल्या लेकीचं सगळं बालपण आणि तिचं लग्न होऊन जातं! आणि तो ठरतो त्या महिन्या-दोन महिन्यांत. तेव्हा ती नोटीस पेपरच्या आतल्या पानात बारीक अक्षरात छापलेली असते, आणि त्याच पेपरवर आपण मेथी निवडत असतो. हे मी कुणाला हिणवून म्हणत नाही, मीही तेच केलंय. आजवर ज्या हरकती जातात त्या बहुतेक जमीनमालकांच्या, की 'माझ्या जागेवरचं आरक्षण उठवा'. त्यांचंही चुकतं असं नाही, त्यांची जमीन जाते. पण 'आमच्या वस्तीजवळचं मैदानाचं आरक्षण उठवू नका' असं लिहून देणारं कुणीच नसतं. ज्या आरक्षणाची जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली जात नाही, तिथं मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या मुदतीतही काही झालं नाही तर आरक्षण संपतं. अशी कितीतरी मैदानं आणि शाळांच्या जागा गावागावांत कागदावरच जन्मल्या आणि कागदावरच मेल्या.

प्लॉटचंही तसंच. चार हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेचा लेआउट मंजूर करताना दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. पण लेआउट मंजूरच नसेल, तर ना मोकळी जागा, ना धड रस्ता. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून गुंठा-दोन गुंठे विकले जातात. मग ती घरं कायम करण्यासाठी सरकारला कायदे करावे लागतात. गुंठेवारीचा कायदा २००१ साली आला. २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतची बांधकामं त्यात घेतली. गरिबाचं घर वाचतं हे चांगलंच आहे. पण नियमित करण्यासाठी पैसे पुन्हा घरमालकाच्याच खिशातून जातात. विकणारा मोकळा झालेला असतो.

आणि ओढ्या-नदीचं काय सांगावं! १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत आमच्या तालुक्यात बोरी नदीनं केलेले हाल आम्ही डोळ्यांनी बघितले आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुरानं आपल्या जिल्ह्यात हाहाकार उडवला. दुष्काळी म्हणून ज्याची ओळख, तो हा जिल्हा! पाऊस कमी म्हणून ओढा कोरडा असतो, आणि कोरडा असतो म्हणून आपण तो बुजवतो. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचं नसतं. पण गावातल्या लहान ओढ्यांना कोण रेषा आखणार? तिथं म्हाताऱ्या माणसांना विचारावं. आमच्या शेजारच्या अव्वा नव्वदीच्या घरात आहेत. कुठल्या साली पाणी कुठवर आलं होतं, हे त्या बोट दाखवून सांगतात. अशी एक अव्वा प्रत्येक गावात असते.

आमच्या घरातली गोष्ट

एवढं सगळं लोकांना सांगते, तर आमच्या घरातलंही सांगायला हवं. आमचं दोन एकर रान सडकेला लागून आहे. गेल्या दिवाळीत भावजींनी विषय काढला. "वैनी, तुरीत किती मिळतंय? एका वर्षी पाऊस नाही, एका वर्षी नुसता पाऊस. प्लॉट पाडले तर पोरांची शिक्षणं निघतील." त्यांचं खोटं नाही. त्यांच्या थोरल्याच्या फीचे आकडे मला माहीत आहेत. शेती तोट्यात जात असताना 'काळी आई विकू नका' असं म्हणणं सोपं असतं, विशेषतः ज्याच्या घरी पगार येतो त्याला. आणि गावात घर हवं असणारी माणसं आहेत, त्यांना जागा कुठूनतरी मिळायलाच हवी. मग मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

दोन दिवस मी गप्प होते. मग म्हटलं, "भावजी, माझं नाही असं नाही. पण चार गोष्टी माझ्याही ऐका. एक, नुसती फक्की मारून नाही, रीतसर एनए आणि मंजूर लेआउट असेल तरच. दोन, कडेचा ओढा आहे तिथंच राहील, एक फूटसुद्धा बुजवायचा नाही. तीन, मोकळी जागा कोपऱ्यातल्या खड्ड्यात नाही, मधोमध सोडायची. आणि चार, वन्संना विचारल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही."

चौथ्या गोष्टीवर घरात जरा शांतता झाली. पण मीच वन्संकडे गेले. त्या सगळं ऐकून म्हणाल्या, "वाट्याचं राहू दे, पण मला विचारायला कुणीतरी आलं गं, एवढ्या वर्षांत." आणि मग त्यांनीच सांगितलं, की रानाच्या वरच्या अंगाला मुरूम आहे, तिथं पीक धड येत नाही. त्या लहान असताना मामंजी तिथं फक्त गुरं बांधायचे. घरं बांधायचीच तर तिथं बांधा, खालची काळी ठेवा. मला या घरात येऊन पंचवीस वर्षं झाली, भावजींचा जन्म इथला, पण हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. अजून काही ठरलेलं नाही. लेआउटचा खर्च ऐकून भावजी नाराज आहेत. कदाचित निम्मं रान राहील, कदाचित नाही. पण बोलणं सुरू आहे, आणि त्यात आता दोन बायका आहेत.

मग आपण काय करायचं?

पहिलं, घरात प्लॉटचा विषय निघाला की 'तुम्हाला काय ते कळतं' असं म्हणून उठून जाऊ नका. जागा बघायला स्वतः जा. एकदा दुपारी जा आणि एकदा दिवेलागणीला जा. शक्य असेल तर पावसाळ्यात जा. पाणी कुठून येणार, किती वेळ येणार, सांडपाणी कुठं जाणार, शाळा चालत किती मिनिटं, रात्री रस्त्यावर दिवा असतो का, जवळ पहिलं घर कुणाचं, हे विचारा. सातबारा, मंजूर लेआउटची प्रत बघितल्याशिवाय पाटल्या उतरवू नका.

दुसरं, घर तुमच्याही नावावर हवं. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१५ पासून घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असावं, असा नियमच आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर खरेदी केलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. मात्र स्वतःच्या जागेवर बांधण्यासाठी आवास योजनेचं अनुदान घ्यायचं तर आधी जागेचा कागद लागतो. ज्यांच्याकडे जागाच नाही, अशा गावातल्या कुटुंबांसाठी आराखड्यात जागा राखून ठेवा, आणि तीही गावाच्या कडेला, मसणवट्याच्या पलीकडे नव्हे, तर शाळा-दवाखान्याच्या अंतरात, ही मागणी आपणच करायला हवी.

तिसरं, प्रत्येक बचत गटानं वर्षातली एक बैठक गावाच्या नकाशासाठी ठेवावी. नगरपरिषदेत जाऊन विकास आराखड्याचा नकाशा मागावा, तो सार्वजनिक कागद आहे. कळला नाही तर गावातल्या एखाद्या शिक्षकाला, इंजिनियर झालेल्या भाचीला बोलवावं. आपल्या वस्तीजवळ कुठलं आरक्षण आहे, ते जिवंत आहे की मेलंय, लिहून घ्यावं. नवा आराखडा येईल तेव्हा एका बाईचा अर्ज नव्हे, चाळीस बायकांच्या सह्यांची हरकत गेली पाहिजे.

आणि चौथं, आपल्या नगरसेविकांना हे विचारा. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. २०२५ च्या डिसेंबरात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. बऱ्याच वर्षांनी गावोगावच्या सभागृहांत निवडून आलेली माणसं बसली, आणि त्यात निम्म्या जागा बायकांच्या. यातल्या कितीजणींनी आपल्या गावाचा आराखडा उघडून बघितला? त्यांना टोमणा म्हणून नाही, मैत्रीण म्हणून विचारा. एकटीनं बघायची भीती वाटत असेल, तर सोबत जा.

माझी ती मैत्रीण गेल्या महिन्यात पुन्हा भेटली. तिच्या वसाहतीतल्या अकरा बायकांनी मिळून पाण्यासाठी आणि दिव्यासाठी अर्ज दिलाय. पाणी अजून आलेलं नाही. दोन खांबांवर दिवे मात्र लागले. मुलगी पुन्हा शिकवणीला जाते. "आता कुणी प्लॉट घ्यायला आलं की मी त्यांच्या बाईला आधी आत बोलावते," ती सांगत होती, "चहा देते आणि पाणी कुठवर आलं होतं ती भिंतीवरची खूण दाखवते."

मैत्रिणींनो, घर बांधून झाल्यावर दाखवायच्या खुणा आहेत त्या. आराखडा होत असतानाच दाखवल्या, तर पुढच्या बाईच्या भिंतीवर ती खूण उमटणार नाही.